हात दाखवून अवलक्षण

पहिला बळी गेला तो समोरच्या गृहस्थांच्या इडलीचा. चेंबूर स्टेशनजवळच्या एका उडप्याकडे सकाळी आम्ही दोन अनोळखी माणसं एका टेबलावर बसलो होतो. मी पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. ग्लास मला दिसत होता तिथे नव्हताच. चांगला दोन बोटं पलीकडे होता. मुठीत हवा आली, बोटांची पेरं ग्लासावर आपटली आणि पाणी इडलीवर गेलं. गृहस्थ सभ्य निघाले. म्हणाले, "असू दे, सांबार तसंही पातळच होतं."

दोष चष्म्याचा. आदल्या संध्याकाळीच प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला होता. वरून लांबचं बघायचं, खालून जवळचं, आणि मधून काय दिसेल ते आपलं नशीब. चाळिशी मला पन्नाशी उलटल्यावर लागली याचा मला कोण अभिमान. तो दुकानातल्या पोराने एका 'काका'त उतरवला. "काका, थोडे दिवस वस्तू पुढेमागे वाटतील. मग हात आपोआप शिकतो."

हात शिकतो! इतकी वर्षं माझी समजूत, की हात माझ्या ताब्यात आहे.

घरी कपाचा कान सापडेना. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, कान उजवीकडे आहे. कपाचा." भाची फिजिओथेरपी शिकते. मामाची फजिती बघून तिला अभ्यासाचा उमाळा आला. तिने सांगितलं, की इंग्लंडात मायकेल लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या डोक्याला कॅमेरा बांधून त्यांना चक्क चहा करायला लावला आणि डोळे कुठेकुठे जातात ते टिपलं. हे १९९९ साली छापून आलं. डोळा प्रत्येक वस्तूवर हाताच्या साधारण अर्धा सेकंद आधी पोचतो, आणि हाताचं तिथलं काम पुरतं उरकायच्या आत पुढच्या वस्तूकडे निघूनही जातो. म्हणजे डोळा हा घरातला थोरला जावई. सगळ्यांच्या आधी येऊन बसायचं, आणि पानं उचलायची वेळ आली की चप्पल शोधायची.

हातही काही कमी नाही. तो वस्तूपाशी पोचल्यावर उघडत नाही, वाटेतच उघडतो. फ्रान्सच्या मार्क झानरो यांनी १९८० च्या दशकात हे चित्रण करून मोजलं. बोटं वस्तूच्या आकारापेक्षा थोडी जास्तच फाकतात, निम्म्याहून बरीच वाट सरली की पुरती उघडतात, आणि मग मिटत मिटत नेमकी वस्तूवर बसतात. नीट दिसत नसलं तर बिचारी आणखी फाकतात. त्या आठवड्यात माझा हात चहाच्या चमच्याकडे असा निघायचा, की बघणाऱ्याला वाटावं, फणस उचलायचा आहे.

हे शास्त्र फुकट बघायचं असेल तर सकाळी चेंबूरच्या फलाटावर उभं राहावं. गोवंडीकडून गाडी दिसू लागते न लागते, तोच फलाटावरच्या शंभर हातांची बोटं दरवाजातल्या दांड्याच्या मापाने वळलेली असतात. दांडा अजून लांब आहे, मूठ तयार. हार्बरवर वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवत नाही. मी त्याच मुठीच्या भरवशावर तीस वर्षं नोकरी केली. पण नव्या चष्म्यातून ती मूठ जाऊन बसली एका तरुणाच्या मनगटावर. त्याने मान वळवून पाहिलं, म्हणाला, "काका, दांडा वर आहे." पुन्हा काका! (२०१४ साली चेंबूर-वडाळा मोनोरेल सुरू झाली होती, ती सरावाला उत्तम होती. दांडे भरपूर, धरणारे मोजके. तेव्हा माझे डोळे चांगले होते, हा दैवदुर्विलास.)

भाचीकडे याचंही उत्तर होतं. १८९९ साली रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन गृहस्थांनी लोकांना मेट्रोनोमच्या ठोक्यावर रेघा ओढायला लावल्या, कधी डोळे उघडे ठेवून, कधी मिटून. सावकाश ओढल्या तर डोळ्यांचा उपयोग होतो, चूक वाटेतच सुधारते. ठोका फार जलद केला, की डोळे उघडे असले काय नि मिटलेले काय, चूक सारखीच. कारण नजरेने सुधारणा सुचवेपर्यंत हात पोचलेलाही असतो. एवढ्यासाठी प्रयोगशाळा कशाला? नऊच्या गाडीत चढणाऱ्या कुणालाही विचारायचं.

बाबांना मात्र यातलं काहीच पटलं नाही. ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि कुठल्याही विषयावरून एकनाथ सोलकरांवर येतात. "एक्की फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा. डोक्यावर हेल्मेट नाही. सत्तावीस कसोट्या, त्रेपन्न झेल. एकाहत्तरला ओव्हलवर वेंकटच्या चेंडूवर नॉटला कसा झेलला, जमिनीलगत झेपावून! आणि तुला बसल्या जागी ग्लास धरता येत नाही." आता सोलकरांना प्रोग्रेसिव्ह चष्मा नव्हता, हे बाबांना कोण सांगणार?

दुकानातलं पोरगं खोटं बोललं नव्हतं. आठवड्याभरात कप, किल्ली, दांडा, सगळं पहिल्या झटक्यात हाती येऊ लागलं. मी खूश. पण हाताने जे शिकायचं ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. नजर एका बाजूला सरकवणारं भिंग लावलं की हात आधी चुकतो, मग सरावतो, आणि भिंग काढलं की उलट्या बाजूला चुकतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय. त्यांच्या काळी चेंबूरचे डास नव्हते, एवढंच. रात्री चष्मा काढून डास मारायची रॅकेट घ्यायला हात पुढे केला. रॅकेट मला दिसली तिथेच होती. शहाणा हात सवयीने दोन बोटं पलीकडे गेला, तो थेट बाबांची कवळी ठेवलेल्या वाटीत.

सध्या मी दिवसभर चष्मा लावतो, रात्री लावतो, झोपेपर्यंत काढत नाही. तरीही सकाळच्या गर्दीत चेंबूरच्या एखाद्या उडप्याकडे माझ्यासमोर बसायची वेळ आलीच, तर कृपा करून पाण्याचा ग्लास आपल्या बाजूला ओढून घ्या. आणि इडली सांबारात बुडवूनच मागवा.