खंबीर मनाचा माणूस

न्यायाधीशांना काय काय वाचावं लागतं, हे मनात आलं की मला त्यांची दया येते. पुस्तक नाही आवडलं तर आपण ते उशाशी पालथं टाकून झोपून जातो. त्यांना ती सोय नाही. कोणीतरी उठतो, 'या कवितेमुळे माझ्या भावना दुखावल्या' म्हणून फिर्याद ठोकतो, आणि आयुष्यभर वाटण्या, बांधाचे तंटे आणि भाडेकरूंची भांडणं निस्तरलेल्या एखाद्या सद्गृहस्थाला कवितेचा अर्थ लावत बसावं लागतं. तोही सहीशिक्क्यानिशी. समीक्षकाचं बरं असतं, त्याच्या मतावर अपील नसतं.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो मामांमुळे. आमचे मामा नागपूरला कोर्टात लघुलेखक होते. साहेब बोलायचे, मामा वहीत रेघोट्या ओढायचे आणि संध्याकाळी टंकयंत्रावर तीन कार्बन घालून निकाल उतरवायचे. त्यांच्या यंत्राचा इंग्रजी 'ओ' इतका धारदार होता की पातळ कागदाला प्रत्येक 'ओ'गणिक भोक पडे. निकालाचा कागद दिव्यासमोर धरला तर चाळणी दिसायची. एकदा त्यांच्या टेबलावर एका मासिकातल्या गोष्टीचा खटला आला. गोष्ट अश्लील आहे अशी तक्रार होती. मग ती किती आणि कुठे अश्लील आहे हे दाखवण्यासाठी सगळे आक्षेपार्ह उतारे निकालात शब्दशः घेणं आलं. मामांनी ते टाइप केले, मूळ प्रतीशी ताडून पाहिले, चुका खोडरबराने खरवडून दुरुस्त केल्या. म्हणजे कोणत्याही आंबटशौकीन वाचकाने वाचली नसेल इतक्या बारकाईने ती गोष्ट मामांनी वाचली. रात्री जेवताना मामींनी विचारलं, "अहो, मग तुम्हाला काही झालं नाही का ते वाचून?"

"झालं ना," मामा म्हणाले. "बोटं दुखली."

गंमत पाहा. मजकूर वाईट आहे, तो माणसाचं मन नासवतो, अशी फिर्याद. तो आधी फिर्यादीने वाचला. मग हवालदाराने पंचनाम्यासाठी, सरकारी वकिलांनी, आरोपीच्या वकिलांनी, न्यायाधीशांनी आणि मामांनी. फाइल टेबलावर नेऊन ठेवणाऱ्या शिपायाने तर सगळ्यांच्या आधी. यातल्या एकानेही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून 'मी चांगला होतो, पान बेचाळीसवर बिघडलो' असं सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बिघडणारा माणूस नेहमी कोर्टाच्या बाहेर कुठेतरी असतो. तो वयाने लहान असतो, किंवा कमी शिकलेला असतो, किंवा दुसऱ्या आळीत राहतो.

या गैरहजर माणसाला कायद्यात जागा दिली ती इंग्लंडातल्या १८६८ सालच्या हिकलिनच्या खटल्याने. ज्यांची मनं अशा वाईट वळणाला लागू शकतात आणि ज्यांच्या हाती हे पुस्तक पडू शकतं, त्यांना ते बिघडवील का, हा तिथला प्रश्न. म्हणजे गावातलं सगळ्यांत कच्चं मन शोधायचं आणि त्याच्या मापाने सगळ्या गावाचे कपडे बेतायचे. इंग्रज गेले तरी हे माप आपल्याकडे राहिलं. मुंबईतल्या हॅपी बुक स्टॉलचे एक भागीदार रणजित उदेशी. त्यांच्या दुकानात बनावट गिऱ्हाईक पाठवून लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकत घेतली गेली आणि खटला झाला. मुल्कराज आनंदांसारखा लेखक बचावाला साक्षीदार म्हणून आला. तरी १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनचं माप वापरून शिक्षा कायम केली. दंड वीस रुपये. खुद्द इंग्लंडात १९६० सालीच त्या पुस्तकाचे प्रकाशक सुटले होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनला निरोप दिला तो थेट २०१४ मध्ये. पाहुणा यजमानापेक्षा जास्त दिवस घरात राहिला.

मराठीचा नंबर लवकरच लागला. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात आली होती. उच्च न्यायालयाने त्यांना पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. पंचवीस रुपयांसाठी काकोडकर दिल्लीपर्यंत लढले आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटले. तो निकाल मी अधूनमधून करमणुकीसाठी वाचतो. लैंगिक उल्लेख आला की साहित्य अश्लील, असं धरलं तर तरुण मुलांना निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचत बसावं लागेल, असं न्यायमूर्तींनी त्यात म्हटलं आहे. (आपल्या पुराणांची पानं उलटून पाहिली असती तर तेही लिहिलं नसतं.) पण खरी मजा शेवटी आहे. कथा वाङ्मयीन दृष्ट्या फार वरच्या दर्जाची नसेल, तिच्यात लेखकाची अपरिपक्वता आणि बेचवपणा दिसत असेल, पण ती अश्लील नाही, असा त्याचा आशय. सुटका झाली, पण अभिप्रायासकट! देशातल्या सर्वोच्च पीठाने 'बेचव' म्हणून निर्दोष सोडावं, यापेक्षा पंचवीस रुपये भरून 'भयंकर स्फोटक लेखक' म्हणून मिरवणं कितीतरी मराठी लेखकांनी पत्करलं असतं.

त्याच्याही आधी र. धों. कर्वे होते. त्यांचं 'समाजस्वास्थ्य' हे मासिक संततिनियमनापासून लैंगिक आरोग्यापर्यंत सगळ्याची उघड चर्चा करी, आणि वाचकांच्या प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं असत. १९३१ साली एका लेखावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये प्रश्नोत्तरांवरून पुन्हा खटला उभा राहिला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. लोक प्रश्न विचारतात, मग संपादकाने उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांचा साधा रोख होता. खटला हरले. दंड दोनशे. आता त्या प्रश्नांकडे बघा. कुठल्याशा गावात कोणी संसारी माणूस रात्री दिव्याखाली पत्र लिहितो, जे डॉक्टरला आणि घरच्यांना विचारता येत नाही ते एका अनोळखी संपादकाला विचारतो आणि महिनाभर पोस्टमनची वाट पाहतो. कोर्टाने ज्याच्या काळजीपोटी दंड केला तो वाचक हाच होता. त्याला कोणी साक्षीला बोलावलं नाही.

टिळकांच्या बाबतीत तर वाचकाचा प्रश्न आणखीच सरळ होता. १९०८ साली 'केसरी'च्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख मराठीत. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या बाजूने जामीन मागणारे वकील होते. माणूस तोच, लेखक तोच, फक्त खुर्ची बदलली.

आम्हा नागपूरकरांना एका गोष्टीचा मात्र अभिमान आहे. तो संत्र्यांच्या अभिमानापेक्षा थोडा कमी असेल, कारण ती गोष्ट फार जणांना ठाऊकच नाही. ए.आय.आर. १९४७, नागपूर, पान १. छापील निकालसंग्रहातला हा आकडा जुन्या वकिलांना पाठ असतो. नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी छापील मजकुराच्या एका प्रकरणात लिहून ठेवलं की, शब्दांचा परिणाम जोखायचा तो शहाण्या, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने. डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगत फिरणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. साहेबाचं राज्य अजून गेलेलं नव्हतं, तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या उन्हात बसून एका माणसाने आपल्याबद्दल इतका चांगला समज करून घेतला होता! उदेशींचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्लाही नागपूरचेच. तिथेच वकिली केलेले, तिथे मुख्य न्यायाधीश झालेले. म्हणजे कच्चं मन आणि खंबीर मन, दोन्ही गिऱ्हाइकं आमच्याच गावच्या दुकानातून गेली.

बोसांचा हा खंबीर माणूस पुढे १९८८ मध्ये दूरदर्शनवर आला. गोविंद निहलानींच्या 'तमस' मालिकेने दंगे उसळतील म्हणून तिचं प्रक्षेपण थांबवायची मागणी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या लेंटिन आणि सुजाता मनोहर या न्यायमूर्तींनी सरळ मालिकाच पाहून घेतली आणि मागणी फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही फेटाळलं गेलं. त्या निकालात बोसांचा खंबीर माणूस आहे आणि त्याच्या जोडीला इंग्रजी कायद्यातला एक जुना गृहस्थही आहे: क्लॅपहॅमच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसलेला सामान्य, समंजस माणूस.

हा बसवरचा माणूस मला फार आवडतो. नागपुरात दुमजली बस नाही, म्हणून मी त्याला बर्डीहून हिंगण्याला जाणाऱ्या 'आपली बस'मध्ये शोधतो. तो सापडतोही. खिडकीजवळ बसलेला असतो, मोबाइल कानाशी नाही तर छातीशी, आवाज पूर्ण सोडलेला, इअरफोन नाहीत. दोन थांब्यांच्या मधे तो एका पुढाऱ्याची शिवीगाळ, एक खून, पनीर टिक्क्याची कृती, कीर्तनाचा तुकडा आणि कुठल्याशा देशातला पूर एवढं सगळं बघून मोकळा होतो. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. एवढं सगळं पचवून उठून दंगल करणं सोडाच, तो आपला थांबा आला हेही कंडक्टर ओरडल्याशिवाय लक्षात घेत नाही. तो भडकतो फक्त एकदाच: मागच्याची पिशवी त्याच्या खांद्याला लागली की. न्यायमूर्ती बोस काय म्हणत होते ते मला पुस्तकात नीट कळलं नव्हतं. या बसमध्ये कळलं.

याच माणसाला मात्र संध्याकाळी कॉलनीत सभासद म्हणून बसवा. आमच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मी एकदा पार्किंगवर एक हलकाफुलका लेख लिहिला होता. त्यात एक नाव नसलेले काका होते, ते दुसऱ्याच्या जागेत स्कूटर लावून वर 'दोनच मिनिटं' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी चार काका वेगवेगळे येऊन भेटले. प्रत्येकाला खात्री होती की ते काका म्हणजे आपणच. एकाने 'वकिलाशी बोललोय' असंही सांगितलं. मी म्हटलं, "काका, तुमचं नाव कुठे आहे त्यात?" ते म्हणाले, "नाव नाही म्हणूनच तर! नाव असतं तर निदान चुकून दुसऱ्याचं पडलं असतं." बसमध्ये खुनाला न हलणारा माणूस स्कूटरवरून हायकोर्टापर्यंत जायला निघतो. आणि तसा तो निघाला तर माझी बाजू बरोबर आहे हे ठरायला किती वर्षं लागतील, याचं गणित मी त्या रात्री केलं होतं.

कारण निकाल लागेपर्यंतचा काळ हीच मोठी शिक्षा. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या पत्रिकेत छापली गेली. तक्रार झाली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१५ च्या मे महिन्यात. संपादकाने आणि मुद्रकाने आधीच माफी मागितली होती, ते सुटले. कवीने मात्र खटल्याला सामोरं जावं, असं ठरलं. म्हणजे एकवीस वर्षांनी कळलं की आता सुरुवात करायची आहे. निकालपत्र कवितेपेक्षा कितीतरी लांब आहे, आणि गांधीजींसारख्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी तसली भाषा घातली तर माप आणखी कडक लागतं, असं त्यात म्हटलं आहे. मला हे पटत नाही. ज्यांनी आयुष्यभर शिव्या, दगड आणि लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या वतीने आपण इतकं नाजूक का व्हावं? याच न्यायालयाने त्याआधी दोनच महिने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम रद्द केलं होतं, ज्याखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरावरून अटक झाली होती. मार्चमध्ये धीर, मेमध्ये धास्ती. न्यायालयही आपल्यासारखंच, कधी बसमधलं तर कधी कॉलनीतलं.

२०२५ च्या मार्चअखेरीस मामांना फोन केला. मामा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं, पण कोर्टाचा विषय निघाला की लगेच ऐकू येतं. गुजरातेत एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या उर्दू कवितेवरून गुन्हा दाखल झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला होता. पीठावर न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुइयां. बोललेले-लिहिलेले शब्द कधी कधी आम्हा न्यायाधीशांनाही आवडत नाहीत, तरी त्या हक्काचं रक्षण करणं आमचं कर्तव्य आहे, असं त्यात म्हटलं होतं.

"आणि मामा, तुमचे बोससाहेब आहेत त्यात. खंबीर माणूस, ए.आय.आर. सत्तेचाळीस."

"पान एक," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "कविता छापली आहे का निकालात?"

"अख्खी. भाषांतरासकट."

"म्हणजे टाइप करणाऱ्यानेही वाचली."

"वाचली असणारच."

"बरं, कवितेच्या दर्जाबद्दल काही बोलले का साहेब? बेचव वगैरे?"

मी म्हटलं, तसं काही माझ्या नजरेला आलं नाही.

"मग जमली असेल," मामा म्हणाले, आणि मामींना फोन दिला.