चिखलाची प्रवेश फी

१९७८ साली हवाईत आयर्नमॅन सुरू झाली : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. एवढ्यानेही जिवाला पुरेसा ताप होत नाही, अशी कोणालातरी शंका आली असावी. १९९६ मध्ये तिथल्याच माउई बेटावर शर्यतीतून डांबरी रस्ता काढून टाकला गेला आणि एक्सटेरा जन्मली.

आकडे ऐकून नवखा खूश होतो. दीड किलोमीटर पोहणे, तीसेक किलोमीटर माउंटन बाइक, दहाएक किलोमीटर रानवाटेने पळणे, आयर्नमॅनपुढे किरकोळच! मग मुळे आणि सुटे दगड घेऊन चढ येतो आणि सायकलवर बसायला आलेला गडी सायकल खांद्यावर बसवून चालू लागतो. हा चौथा प्रकार माहितीपत्रकात नसतो.

वयाची सबबही चालत नाही. नेड ओव्हरएंडने १९९८ आणि १९९९ ची एक्सटेराची जागतिक स्पर्धा जिंकली ती चाळिशी उलटल्यावर.

निसानने मात्र मर्म ओळखले. शर्यतीचे नाव रीतसर घेऊन तिने एक दणकट मोटार काढली : खडबडीत वाट तीच, पण एसी लावून, बसल्या बसल्या. अमेरिकेत ती मोटार २०१५ मध्ये बंद झाली. पैसे भरून धापा टाकणाऱ्यांची नोंदणी चालू आहे.