आजीची आजी कोण?

निडीच्या पुढचं स्टेशन रोहा. तिथले रोहेकर आडनावाचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, इस्रायलमध्ये अश्दोदसारख्या गावी जाऊन राहिले. बायबलात नाव असलेलं बंदर, पण आजचं शहर 1956 सालचं. जुनेपणात आमचं चौल काही मागं नाही म्हणा!

कोकणात या बेने इस्रायलींना कुणी ज्यू असल्याचा दाखला मागितला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवतात ना, मग 'शनवार तेली'. संपला विषय. आडनाव गावावरून: पेणकर, किहीमकर. हक्काच्या घरी पोचल्यावर मात्र तिथल्या धर्मपीठानं 1962च्या सुमारास लग्न लावण्याआधी पूर्वज तपासायला काढले. आजीची आजी कोण? बिचाऱ्यांनी सातबाराही जोडला असता! शेवटी आंदोलन झालं, तेव्हा 1964मध्ये सरकारनं मान्य केलं की हो, तुम्ही पक्के ज्यू.

मग काय, रुळले. पोहे, ओलं खोबरं, वेलची घालून मलिदा होतोच; एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताला नवस बोलायला दाखला लागत नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथं निघालं. आणि आम्ही इथं 'मराठी टिकेल का?' यावर परिसंवाद घेतो, जेवणासह.