उबदार आवाज, भर मे महिन्यात

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43च्या वर गेला की शहाणा माणूस माठ घेतो. मी ‘उबदार आवाज’ घेतला. टेपवरून कापलेल्या रेकॉर्डला जी ऊब असते ती डिजिटलला नाही, असं आम्हा दर्दी मंडळींचं ठाम मत. दर्दी मी नुकताच झालो होतो, पण मत ठामच होतं.

जुन्या हिंदी गाण्यांची नवी कोरी एलपी आली. घरात किंमत निम्मीच सांगितली आणि कडक भाकरी, शेंगा चटणीचं आमिष दाखवून मित्र गोळा केले. सुई टेकली, खरखर झाली, मी डोळे मिटले. “ऐका! हा टेपचा श्वास. डिजिटलमध्ये हा मरतो.”

एक जण कव्हर उलटून वाचत होता. “का बे, इथं बारीक अक्षरात ‘डिजिटली रीमास्टर्ड’ लिहिलंय की!”

म्हणजे टेप आधी संगणकात उतरवलेली आणि त्या फाइलवरून रेकॉर्डची खाच कापलेली. श्वास बहुधा आमच्या कूलरचा होता.

रात्री अब्रू वाचवायला वाचत बसलो आणि जीव भांड्यात पडला. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही दर्दींची लाडकी कंपनी. 2022मध्ये तिने मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या 40,000 प्रती काढायचं जाहीर केलं. तिच्या पद्धतीत एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप पुन्हापुन्हा वाजवावी लागली असती. ती झिजू कोण देईल? चौकशी झाली, तेव्हा कंपनीने कबूल केलं की 2011पासून तिच्या अनेक रेकॉर्ड डिजिटल फाइलवरूनच कापल्या जात होत्या. इतकी वर्षं तिथल्या कानसेनांनाही पत्ता नव्हता! प्रकरण कोर्टात गेलं. शिवाय 1980च्या सुमारास कितीतरी स्टुडिओंत कापणाऱ्या यंत्राला पुढचा आवाज आधी कळावा म्हणून मधे डिजिटल यंत्र बसवलेलं असे. तेव्हा जुन्या रेकॉर्डचंही सोवळं सांगता येत नाही.

हे सगळं मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, “ते ऱ्हाऊ दे. परवा डोळे मिटून तू काय ओळखलास?”

उत्तर शोधण्याच्या नादात रेकॉर्ड खिडकीत राहिली. दुपारच्या उन्हाने तिची कड कडक भाकरीसारखी वर आली. आता गाणं दर फेऱ्याला हेलकावे खातं.

सोलापूरकरांनो, रेकॉर्ड कशावरूनही कापलेली असो, ती कपाटात उभी ठेवा, उन्हापासून लांब. आणि मित्रांना बोलावण्याआधी कव्हरची मागची बाजू वाचा.