आधी मावरं, मग माणसं

उरणजवळच्या करंज्यात गारव्यावर पहिला हक्क माशाचा. माणसाचा नंबर त्यानंतर, आणि तोही एसीत गॅस शिल्लक असला तर.

बोट समुद्रात निघायच्या आधी तांडेल डिझेल मोजतो, मग बर्फ मोजतो आणि सगळ्यात शेवटी खलाशी मोजतो. बर्फ कमी पडला तर बोट निघत नाही. एखादा खलाशी कमी असला, तर चुलतभावाला झोपेतून उठवून नेता येतं.

बर्फाच्या कारखान्यात मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते मिठाचं. अमोनियाच्या यंत्रणेने तिथलं मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली नेतात. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही; पण त्यात बुडवलेल्या डब्यांतलं गोडं पाणी गोठून त्याची लादी होते. उरण तालुका मुळात मिठागरांचा. तेव्हा मिठाने आपल्या माणसांसाठी एवढं करावं, हे रीतीला धरूनच झालं.

मात्र आमच्या गच्चीवर पोचेपर्यंत त्याच मिठाची नियत फिरते. एसीच्या आउटडोअरमध्ये तांब्याच्या नळ्या आणि त्यांना चिकटून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. त्यावर खाडीचा खारट ओलावा बसला की दोन धातूंमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं. अधूनमधून गोड्या पाण्याने धुतलं तर आउटडोअर टिकतं, म्हणतात. पण गोडं पाणी गच्चीवर चढायला टाकीत असावं लागतं. टाकीचा विषय निघाला की प्लंबर येतो, आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं:

“हे कोणी केलंय?”

“तुम्हीच. गेल्या गणपतीच्या आधी.”

“मग पाइपच डुप्लिकेट असणार.”

एसीचा मेकॅनिक एवढं बोलत नाही. पाना हातात न घेता, नुसत्या नजरेने निदान करतो: “गॅस गेला.” गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही; बंद नळ्यांतून तो गोल गोल फिरत असतो. गेला असेल तर भोकातूनच गेला असणार, आणि भोक न बुजवता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जाणार. हे मी नम्रपणे सांगून पाहिलं. तो म्हणाला, “लिकेज शोधायचं तर नायट्रोजन भरावा लागेल. त्याला माणूस पाहिजे.” मग समोर उभा होता तो कोण, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

एसी बसवला तेव्हा शेजारची मावशी पाहायला आली होती. तिचा जन्म मासळीबाजारात गेलेला. “केवढ्याचा?” म्हणाली. मी म्हटलं, दीड टनाचा. तिने इनडोअरच्या खालून, वरून पाहिलं. “दीड टन? आनि बर्फ कुठं ठेवलाय?”

हसण्यासारखा प्रश्न नाही हा. एसीचा टन खरोखर बर्फाचाच आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उपसणारं यंत्र एक टनाचं. हा टन अमेरिकन, म्हणजे 907 किलोचा. दीड टनाच्या एसीकडून दिवसाला साधारण 1,360 किलो बर्फाचं काम अपेक्षित असतं. आमचा एसी त्यातला गोळेवाल्याच्या गाडीपुरता तरी करत असेल, असं मी धरून चालतो.

एके काळी मुंबईत बर्फ जहाजाने अमेरिकेतून यायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळून. 1830 च्या दशकात सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. निदान ‘गॅस गेला’ म्हणायला तेव्हा कोणी नव्हतं.

माशाची बडदास्त इतकी चोख का, ते लिलावात उभं राहिल्यावर कळतं. घेणारा कल्ले उघडून पाहतो, बोटाने दाबून पाहतो. गारवा एक रात्र कमी पडला असेल तर भाव तिथेच पडतो. आमचे कल्ले उघडून कोण पाहणार? आम्ही घामाने भिजून ऑफिस गाठलं तरी पगार तेवढाच.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला, बर्फाला मागणी नाही, मेकॅनिक मोकळा. पण तेव्हा पाऊस कोसळत असतो आणि एसी कोणालाच नको असतो. ऑगस्टच्या मध्यावर ऊन पडलं, उकाडा सुरू झाला, म्हणून मी फोन लावला. मागून कंप्रेसरची घरघर ऐकू येत होती.

“कोल्ड स्टोअरेजला आहे. इथलं थांबलं तर मावरं खराब होईल.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही पंखा लावा.”