दुय्यम सर्व्हरची दिरंगाई

मुख्य डेटाबेस सर्व्हरवरील प्रत्येक नोंद दुय्यम सर्व्हरवर तत्क्षणी उमटते, ही संगणकखात्यातील श्रद्धा डळमळू लागली की सर्वप्रथम अधिक मेमरीच्या यंत्राची मागणी करणारी फाइल साहेबांच्या सहीसाठी रवाना होते. जुन्या यंत्राचा कसूर काय, याची तहकीकात मात्र कोणी करीत नाही. वस्तुतः मायएसक्यूएलच्या मुख्य सर्व्हरवर शेकडो व्यवहार एकाच वेळी पार पडत असले, तरी २०१३ साली ५.६ आवृत्ती येईपर्यंत दुय्यम सर्व्हरवर ते रुजू करणारा थ्रेड एकटाच असे. शंभर अर्जदारांपुढे एकच कारकून बसवावा आणि कचेरी तुंबली म्हणून इमारतीवर मजले चढवावेत, तसला हा कारभार. पुढे समांतर थ्रेडांची तजवीज झाली, ८.०.२७ पासून तर चार थ्रेड मुळातच नेमलेले असतात. परंतु ज्या टेबलाला प्रायमरी की देण्याचे सौजन्य कोणी दाखविले नाही आणि इंडेक्सही लाभला नाही, त्यातील लाखभर ओळी एका हुकमासरशी डिलीट केल्या, तर ओळवार रेप्लिकेशनच्या पद्धतीत दुय्यम सर्व्हरला ते टेबल पुनःपुन्हा आद्योपांत चाळावे लागते. त्यातही ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ हा आकडा असा दरबारी, की नेटवर्कच रेंगाळले असता हाती आलेले तेवढे काम उरकून तो निःसंकोचपणे शून्य विलंब जाहीर करतो, आणि मासिक अहवालात तेच शून्य दिमाखाने झळकते. सबब, नव्या यंत्राच्या मागणीवर सही करण्यापूर्वी साहेबांनी प्रायमरी की नसलेल्या टेबलांची यादी मागवावी. तिला निविदा लागत नाही.