लागलंच तर

पूर्वी प्रत्येक इमारतीत फ्यूज बांधता येणारा एक माणूस असायचा. दुसऱ्याला मध्य रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ असायचं. तिसऱ्याला, कुठल्या कामासाठी कुणाच्या ओळखीने कुणाला भेटायचं, हे ठाऊक असायचं. पुढे फ्यूजच्या जागी एमसीबी आला, वेळापत्रक मोबाइलात गेलं आणि तिसरा निवडणुकीला उभा राहिला. या तिघांची रिकामी झालेली खुर्ची आता एकाच माणसाकडे आली आहे. लॅपटॉप घेण्याआधी ज्याला विचारायचं, तो माणूस.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव आहे, पण ते आता फक्त कुरिअरवाला वाचतो. बाकी सगळे त्यांना स्पेकशास्त्री म्हणतात. वय ५६. फोर्टातल्या एका विमा कचेरीत हिशेब खात्याला आहेत. संगणकाशी पोटापाण्याचा संबंध एक्सेलपुरता. पण प्रोसेसरच्या नावापुढचं अक्षर ऐकून ते यंत्राचं गोत्र सांगतात. ‘‘यू आहे ना? म्हणजे साधारण १५ वॉट. शांत, सात्त्विक. एच म्हणजे ४५ वॉट, रजोगुणी. आणि एचएक्स?’’ इथे ते डोळे मिटतात. ‘‘एचएक्स म्हणजे जेवायला बसला तर यजमानाने उठायची वेळ.’’

त्यांचा स्वतःचा लॅपटॉप मात्र कुणी विचारू नये. बिजागरी तुटल्यामुळे त्याचा पडदा बोर्नव्हिटाच्या डब्याला टेकवून उभा असतो. चार्जरची पिन विशिष्ट कोनात धरली तरच वीज घेते, म्हणून तिला रबरबँडने आवळून ठेवलं आहे. पिन हलली की लॅपटॉप त्या क्षणी प्राण सोडतो. गेली तीन वर्षं शास्त्री नवा घेणार आहेत. हलका, ऑफिसचा घ्यावा की दांडगा, गेमिंगचा घ्यावा, एवढाच प्रश्न उरला आहे.

मला लॅपटॉप घ्यायचा झाला तेव्हा मी रीतसर त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला पाणी दिलं, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘‘यूज काय?’’

हा त्यांचा पहिला प्रश्न. डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगतात तसा. मी म्हटलं, ‘‘आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. पत्रव्यवहार, हिशेब, मीटिंगा.’’

‘‘आणि लागलंच तर?’’

‘‘लागलंच तर काय?’’

‘‘अहो, उद्या चिरंजीव म्हणाले गेम खेळायचाय, परवा व्हिडिओ एडिट करायची वेळ आली. लागलंच तर काय करणार?’’

मला व्हिडिओ एडिट करायची वेळ आजवर आलेली नव्हती, पण त्यांच्या स्वरातली काळजी अशी होती, की न आलेल्या त्या वेळेबद्दल मलाच अपराधी वाटलं.

मग त्यांनी तक्ता उघडला. एक्सेलमधला. आडवे १४ लॅपटॉप, उभे ३६ रकाने. ‘‘पत्रिकेत ३६ गुण असतात, मी तेवढेच घेतलेत. १८ जुळले तर स्थळ चालेल म्हणायचं. वरचा १८ टक्के जीएसटी धरलेला नाही.’’ वजन, बॅटरी, पडद्याचा उजेड, पंख्याचा आवाज. ‘‘शिवाय रॅम बदलता येते की बोर्डाला डाग देऊन बसवली आहे, तेही बघायचं. पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा डाग दिलेली असते. म्हणजे लग्नात दिलं तेवढंच, पुढे माहेरहून काही येणार नाही.’’

शास्त्रींचं ज्ञान पोकळ नाही, हे मान्य केलं पाहिजे. ग्राफिक्स कार्डाबद्दल त्यांनी मला जे सांगितलं, ते एकाही दुकानदाराने सांगितलं नव्हतं. ‘‘आरटीएक्स ४०६० लिहिलंय म्हणून भुलू नका. लॅपटॉपमधलं तेच कार्ड कुठे ३५ वॉटवर चालवतात, कुठे ११५ वॉटवर. नाव एक, अंगातलं बळ निराळं. पुरणपोळी सगळ्या खाणावळींत मिळते. पुरण किती घातलंय, ते विचारायचं.’’ आणि पुढे, ‘‘प्लग काढला की यातला कुठलाही वाघ शेळी होतो. बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीजच देत नाहीत.’’

विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी वेगळी परवानगी न घेता नेता येते, म्हणून मोठमोठ्या गेमिंग लॅपटॉपच्या बॅटऱ्याही त्या रेषेच्या आतच थांबतात, हेही त्यांनी मला बजावलं. शास्त्रींचा सर्वांत लांबचा प्रवास महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरपर्यंतचा. पण लागलंच तर?

ऑफिसच्या लॅपटॉपवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. विशेषतः थिंकपॅडवर. १९९२ साली आयबीएमने तो आणला, तेव्हा रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरला त्याचं रूप जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचलं होतं. हे सांगताना शास्त्रींचा गळा दाटतो. ‘‘डबा, अहो, डबा! काळा, चौकोनी, साधा. बाहेरून काही कळत नाही, उघडला की सगळं जागच्या जागी.’’ तीस वर्षं डबा घेऊन लोकल पकडणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा युक्तिवाद लागत नाही. कीबोर्डच्या मधोमध असलेल्या लाल ठिपक्याला ते कुंकू म्हणतात. २००५ साली आयबीएमने हा धंदा लेनोव्होला दिला, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. आपल्याला न विचारता गावची जमीन विकली गेल्यासारखं.

पण रात्री जेवणं झाली, की हाच माणूस गेमिंग लॅपटॉपची चित्रं बघत बसतो. गणपतीच्या मंडपासारखे रंग बदलणारे दिवे, मिक्सरवर चटणी वाटावी तसा पंख्याचा आवाज, आणि घराच्या पायात घालता येईल असा विटेएवढा चार्जर. शास्त्रींनी आयुष्यात पत्त्यांच्या सॉलिटेअरपलीकडे गेम खेळलेला नाही, आणि तोही हरतात. तरी त्या दिव्यांकडे बघताना त्यांचा चेहरा असा होतो, की त्यांना हाक मारू नये.

निर्णय होईना, तेव्हा त्यांनी प्रयोग करायचं ठरवलं. दोन्ही लॅपटॉपचं वजन रोजच्या प्रवासात अनुभवायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी बॅगेत १ किलो २०० ग्रॅम पोहे भरून नेले. डोंबिवलीहून फास्ट लोकलने, बॅग पोटाशी धरून, सीएसएमटीपर्यंत आणि परत. ऑफिसात शिपायाने विचारलं, तर ‘‘१४ इंची आहे’’ म्हणाले. आठवडाभर खांदा दुखला नाही. पोहे घरी आले आणि शनिवारी फोडणीला पडले.

दुसऱ्या आठवड्यात गेमिंग. अडीच किलो तांदूळ, आणि चार्जरसाठी वेगळ्या पिशवीत पाऊण किलो तूरडाळ. सोमवार निभावला. मंगळवारी बॅग रॅकवर ठेवावी म्हणून हात वर केला, तो संध्याकाळपर्यंत खाली येईना. बुधवारी घाटकोपरला गर्दीचा लोंढा आत शिरला, कुणाचा तरी कोपर लागला आणि बॅगेतली पिशवी फाटली. चेन जुनीच होती. घाटकोपर ते कुर्ला डब्यात अक्षता पडत होत्या. कुणीतरी मागून ‘‘शुभमंगल सावधान’’ म्हणालं आणि अख्खा डबा हसला.

त्या संध्याकाळी मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी त्यांच्या खांद्याला बाम चोळत होत्या. मी म्हटलं, ‘‘मग ठरलं ना? हलकाच.’’

शास्त्री बराच वेळ छताकडे बघत राहिले. ‘‘पोहे उत्तमच हो,’’ ते म्हणाले. ‘‘पण तांदळाची पॉवर वेगळी.’’

एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो. सरकारदरबारी तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण संगणक घेणारा माणूस त्या नावाने विचारत नाही. ग्रँट रोडला उतरून चालू लागलो, तसे शास्त्री दहा वर्षांनी लहान झाले. दुकानात शिरताच त्यांनी एका बोटाने पडदा उघडून पाहिला, कीबोर्ड मधोमध दाबून तो खचतो का ते बघितलं आणि कलिंगड पारखतात तसा कान लावून पंखा ऐकला. दुसरं गिऱ्हाईक चुकीचं मॉडेल घेत होतं, त्याला त्यांनी ओढून बाजूला केलं, बरोबर मॉडेल दिलं आणि चार हजार कमी करायला लावले. दुकानदाराने चहा मागवला. मग काउंटरमागच्या नव्या पोऱ्याने सहज त्यांनाच विचारलं, ‘‘काका, तुमचा यूज काय आहे?’’

शास्त्री गप्प झाले.

‘‘एक्सेल,’’ थोड्या वेळाने म्हणाले. ‘‘आणि... लागलंच तर...’’

पुढचं वाक्य आलं नाही. मुलगा बंगळुरात नोकरीला आहे, त्याला लॅपटॉप कंपनीने दिला आहे. घरात गेम खेळणारं कुणी नाही. आम्ही एक माऊसपॅड घेऊन परतलो.

परतीच्या गाडीत मला आमच्या माळ्यावरचं पातेलं आठवलं. पन्नास माणसांची आमटी होईल असं. आईने हौसेने घेतलेलं. सत्यनारायणाला वर्षातून एकदा ते खाली येतं, आणि त्या वर्षी पूजा नसेल तर फक्त पुसायला येतं. रोजची आमटी होते ती लहान कुकरमध्ये. तरी पातेलं काढून टाकू म्हटलं, तर घरात कुणी तयार होत नाही. आपण पाहुणा न आलेल्या घरातही जास्तीची गादी ठेवणारे लोक. शास्त्रींचा गेमिंग लॅपटॉप म्हणजे माळ्यावरचं पातेलंच. फरक इतकाच, की हे पातेलं त्यांना रोज डोंबिवली ते सीएसएमटी खांद्यावरून न्यायचं होतं.

ज्यांच्या घरी खरोखर रोज पन्नास पानं उठतात, त्यांची गोष्ट वेगळी. माझा भाचा वास्तुशास्त्र शिकतो, त्याला इमारतींची त्रिमितीय चित्रं तासन्‌तास रेंडर करावी लागतात. तो हॉस्टेलवर राहतो आणि लॅपटॉप टेबलावरून हलत नाही. त्याला शास्त्रींनी दोन मिनिटांत गेमिंगचा सांगितला, आणि तो योग्यच निघाला. दुसऱ्याच्या बाबतीत शास्त्री कधी चुकत नाहीत.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांचा एकच मंत्र. ‘‘थांबा.’’ जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात नवे प्रोसेसर येतात, म्हणून डिसेंबरात घ्यायचा नाही. जूनमध्ये कॉलेजवाल्यांसाठी सवलती लागतात, म्हणून मार्चमध्ये नाही. दिवाळीत सेल, म्हणून जूनमध्ये नाही. असं करता करता २०२५ची अखेर आली. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. शास्त्रींनी तक्त्यात ३७वा रकाना घातला.

त्याच सुमारास वहिनींना लॅपटॉप लागला. महिला मंडळाचे हिशेब आणि चौघी मुलींची ऑनलाइन शिकवणी. त्या माझ्या बायकोबरोबर स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या आणि अर्ध्या तासात १४ इंची, १६ जीबीचा हलका लॅपटॉप घेऊन आल्या. शास्त्रींनी घाबरून विचारलं, ‘‘काय बघून घेतलास?’’

‘‘अहो, उचलून बघितला,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘भाजीच्या पिशवीत बसतो, आणि हात दुखत नाही.’’

शास्त्रींनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १ किलो ३२० ग्रॅम. तक्त्यात भरला, तर ३६पैकी २९ गुण. त्यांच्या १४ स्थळांपैकी एकालाही इतके मिळालेले नव्हते. आता रोज रात्री वहिनींची शिकवणी संपली, की शास्त्री त्याच लॅपटॉपवर गेमिंग लॅपटॉपची चित्रं बघतात. चित्रं एकदाही अडखळत नाहीत, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.

मीही हलकाच घेतला. तुमचं अजून ठरत नसेल, तर तक्ते मांडू नका. आठवडाभर पोहे आणि आठवडाभर डाळ-तांदूळ बॅगेत घालून लोकलने फिरा. फक्त पिशवी दुहेरी घ्या.